दुसऱ्या टोकाचं घुंगरू : तरंगांच्या साहित्याच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. यंदा नववीच्या मुलांना घेऊन तरंगांचं साहित्य हाताने करायचं ठरवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात जे जे गेलं त्यात आमची प्रयोगशाळाही होती. बाकं धुऊन निघाली, पण तरंगपेटी, नादकाटे, लोलक सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून मी तरंग फळ्यावर खडूने शिकवते. नागमोडी रेघ काढायची आणि म्हणायचं, ही पुढे सरकते आहे असं समजा. मुलं समजतात. म्हणजे समजल्यासारखं करतात.

शाळेकडून ३,००० रुपये मंजूर. मुलांशी बोलून एकच अट ठरवली. प्रत्येक साहित्याच्या दुसऱ्या टोकाला एक घुंगरू असेल, किंवा घुंगराच्या जागी दुसरं काहीतरी हलणारं, वाजणारं, फिरणारं. या टोकाला धक्का दिला की ते वाजलं पाहिजे, आणि मधली कुठलीही वस्तू आपली जागा सोडून तिकडे गेलेली चालणार नाही. ऊर्जा पोचली पाहिजे, सामान नाही.

माझ्या लेकीच्या लहानपणीच्या पैंजणातली अकरा घुंगरं घरून आणली.

७ जानेवारी

पहिलं साहित्य काड्यांचं. मधोमध एक लांब पट्टी ताणायची, तिच्यावर सारख्या अंतराने आडव्या काड्या चिकटवायच्या. एका टोकाची काडी दाबली की पीळ पट्टीतून पुढे पुढे जातो आणि काड्या एकामागून एक डुलतात. मूळ यंत्र अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन शाइव्ह यांचं, लोखंडी सळ्यांचं. आम्हाला सळ्या परवडणार नाहीत.

पैसे वाचवायला खराट्याचे हीर वापरले. कोकणात हिरांना काय तोटा! ६० हीर एका लांबीचे कापून चिकटवले, दोन तास गेले. काम फुकट. हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक, त्यामुळे प्रत्येक काडी जाड बाजूला कलली. आम्ही जाड टोकं आलटून पालटून लावली, तर एक उजवीकडे कललेली आणि दुसरी डावीकडे. शिपाईमामा बघून म्हणाले, "बाई, ही तर मोडकी फणी झाली."

फुकटचं सामान वापरणार असाल तर आधी दहाच काड्यांवर करून बघा. साठ नको.

१२ जानेवारी, रविवार

बाजारातून भाजक्या कबाबाच्या बांबूच्या काड्या आणल्या. ८० काड्यांचा पुडा १२० रुपयांना, प्रत्येकी एक फूट लांब. दोन इंची कापडी टेपचे दोन रोल ३६० ला. ३ मीटर टेप जमिनीवर चिकट बाजू वर करून पसरला, दर ५ सेंटिमीटरवर खूण केली, काड्या ठेवल्या आणि वरून दुसरा टेप दाबला. साठ काड्या बसल्या.

काड्यांच्या टोकांना वजन हवं, नाहीतर लाट इतक्या वेगाने जाते की डोळ्याला दिसतच नाही. बऱ्याच ठिकाणी जेलीच्या गोळ्या टोचलेल्या दाखवतात. आम्हीही त्या टोचल्या. १५० रुपयांच्या १२० गोळ्या, शिवाय मुलांनी खाल्ल्या त्या वेगळ्या. लाट सुंदर गेली. वर्गात टाळ्या पडल्या.

१३ जानेवारी

मुंग्या.

प्रयोगशाळेच्या खिडकीपासून टेपपर्यंत सरळ रांग. गोळ्यांना पाणी सुटून त्या काड्यांवरून घसरलेल्या. आमच्या दमट हवेत हे व्हायचंच होतं, पण माझ्या डोक्यात आलं नाही. गोळ्या काढल्या, काड्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि त्या नादात नऊ काड्या टेपमधून सुटल्या. उद्या संक्रांत आहे, तिळाचे लाडू टोचू या, अशी सूचना मागच्या बाकावरून आली. नोंद घेतली आहे.

१८ जानेवारी

शाडूच्या गोळ्या केल्या, त्या वाळल्या, तडकल्या आणि पडल्या. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिलिमीटरचे नट आणले. १२० नट, दोन रुपयाला एक. आमच्या काट्यावर एक नट जवळपास ५ ग्रॅम भरतो आणि सगळे एकसारखे, हे महत्त्वाचं. नटाचं भोक काडीपेक्षा मोठं आहे, ते ग्लू गनने भरलं. दिवसभराचं काम, चार मुलींनी केलं, दोघींची बोटं भाजली. बादलीत पाणी भरून शेजारी ठेवा, हे मी आधी करायला हवं होतं.

आता टेप बांधायचा कशाला? दोन स्टुलांना बांधला तर ताण येताच स्टुलं एकमेकांकडे सरकली. एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं बाकाला बांधलं, तर बाक डुलायला लागलं. म्हणजे लाट टोकाला पोचायची आणि बाक हलवण्यात निम्मी खर्ची पडायची. सुतारकाकांनी खाली जड फळी असलेले दोन खांब करून दिले. ३०० घेतले, तेही मी हातात कोंबले तेव्हा.

आज मोजलं. टेप सैलसर असताना लाट ३ मीटर जायला साधारण ३.१ सेकंद घेते. टेप आणखी ताणला तर २ च्या जवळ. मग मुलांना विचारलं, नट टोकापासून निम्म्यावर आणले तर? पुस्तकी हिशेबाने वेग दुप्पट व्हायला हवा. सगळे नट नव्याने चिकटवायला नकोत म्हणून वीसच काड्यांचा एक छोटा तुकडा वेगळा करून बघितला. वेग वाढला, पण दुप्पट नाही, पावणेदोन पटीहून थोडा जास्त. अर्धा तास मी मोजण्यातली चूक शोधत होते. चूक नव्हती. काडीला स्वतःचं वजन असतं आणि ते काही नटाबरोबर आत सरकत नाही.

२१ जानेवारी

आज घुंगराचा दिवस, आणि आजच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मला.

मुलांनी उत्साहात देवघरातली पितळी घंटा आणली आणि शेवटच्या काडीला बांधली. धक्का दिला. लाट गेली, घंटेपाशी पोचली, घंटा ढिम्म. लाट उलटी होऊन परत आली. वर उचललेली गेली होती ती खाली दबलेली आली. भिंतीवर आपटल्यासारखी. घंटा त्या काडीला इतकी जड होती की काडी जणू खिळ्याने ठोकली होती.

घंटा काढून एक घुंगरू बांधलं. छुम्! वर्ग खूश, मी खूश. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, पण लाट परत आलीच की."

आली होती. या वेळी सुलटी, आणि जवळजवळ तेवढीच मोठी. म्हणजे घुंगरू वाजलं खरं, पण त्याने ऊर्जा घेतली चिमूटभर. बाकीची सगळी परत आमच्या हातात. तिने पुढे विचारलं, मग पोचली असं म्हणायचं का? मी म्हटलं, उद्या सांगते. शिक्षिकेच्या नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडतं.

पोचणं आणि घेतलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी बावीस वर्षं शिकवूनही असं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं.

२५ जानेवारी

चार दिवस एकाच प्रश्नावर. लाट परत येऊ नये, सगळी ऊर्जा त्या टोकाला कोणीतरी घ्यावी, यासाठी काय बांधायचं?

शेवटच्या काडीच्या एका टोकाखाली पाण्याची बादली ठेवली. काडीच्या टोकाला जुन्या फाइलच्या प्लास्टिकचा तुकडा वल्ह्यासारखा लटकवला आणि पाण्यात बुडवला. काडी हलली की वल्हं पाणी ढवळणार.

पहिलं वल्हं ४ बाय ४ सेंटिमीटर. लाट सुलटी परत आली, थोडी लहान. मग १५ बाय १०. लाट उलटी परत आली. वल्हं पाण्यात रुतून बसल्यासारखं, म्हणजे पुन्हा देवघरातली घंटा. मग कात्री घेऊन बसलो. १५ बाय १० मधून कापत कापत खाली आलो. दर कापानंतर परत येणारी लाट बारीक होत गेली, आणि ८ बाय ६ च्या आसपास ती आलीच नाही. धक्का दिला, लाट गेली, पाण्यात थोडा खळखळाट, आणि काड्या स्तब्ध. वर्गात कोणी बोललं नाही. मग त्या मुलीने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "आता घेतली."

आमची मापं तुम्हाला लागू पडतील असं नाही. टेपचा ताण, नटाचं वजन आणि काड्यांमधलं अंतर बदललं की वल्ह्याचं माप बदलणार. मोठं कापून घ्या आणि लहान करत जा. उलट्या दिशेने गेलात तर प्लास्टिक चिकटवत बसावं लागेल.

२९ जानेवारी

स्लिंकी, म्हणजे लांब ताणता येणारी मऊ वेटोळ्यांची स्प्रिंग. ३५० रुपये, धातूची. प्लास्टिकची घेऊ नका. ती हलकी असते आणि लाट अर्ध्यावरच मरते.

आणल्याच्या दिवशीच सातवीतल्या दोघांनी तिचा गुंता केला. सोडवायला दोन मधल्या सुट्ट्या गेल्या आणि एका जागी कायमचा बाक आला. जमिनीवर ठेवून ढकलली तर फरशीला घासून ऊर्जा वाटेतच संपते. म्हणून वर आडवी काठी बांधून दर दहा वेटोळ्यांना दोऱ्याने लटकवली. यात पुन्हा एक संध्याकाळ.

मला भूकंपाच्या लहरी दाखवायच्या होत्या. आमच्यापासून कोयनानगर सरळ रेषेत २५-३० किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तिथे झालेला भूकंप इथल्या जुन्या घरांत अजून सांगितला जातो. शिपाईमामांचे वडील सांगायचे, आधी जमिनीखालून गुरगुर आली, ट्रक येतोय वाटलं, आणि मग घर हललं. ती गुरगुर म्हणजे पुढेमागे दाबत येणारी प्राथमिक लहर, अनुतरंग. हादरा म्हणजे आडवी हलवणारी दुय्यम लहर, अवतरंग. पहिली खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुसरी साडेतीनच्या आसपास. दोन्हींत एका सेकंदाचं अंतर पडलं की भूकंप साधारण ८ किलोमीटर दूर, असा ढोबळ हिशेब. आमच्यासाठी ते अंतर तीन-चार सेकंदांचं. ट्रक येतोय असं वाटायला तेवढं पुरतं.

तर बेत असा, की स्लिंकीत एकदा पुढे ढकलायचं, एकदा आडवं झटकायचं, आणि कोण आधी घुंगरू वाजवतं ते बघायचं. बघितलं. दोन्ही एकाच वेळी पोचल्या. मोबाइलवर चित्रण करून मोजलं तरी फरक हाती लागेना. रात्री कागद घेऊन बसले तेव्हा कळलं, की स्लिंकी तिच्या मूळ लांबीच्या कित्येक पट ताणलेली असते, आणि तशा स्प्रिंगमध्ये दोन्ही लहरींचा वेग जवळपास सारखाच येतो. खडक काही असा ताणलेला नसतो.

म्हणजे स्लिंकीवर हलण्याची तऱ्हा दाखवा, शर्यत दाखवू नका. एका पुस्तिकेत मी ही शर्यत छापलेली पाहिली आहे. ज्यांनी ती छापली त्यांनी ती लावून पाहिली नसावी.

२ फेब्रुवारी, रविवार

पाणी. घराच्या छपराची पन्हळ बदलली तेव्हाचा उरलेला सपाट तळाचा दहा फुटी तुकडा होता. दोन्ही टोकं बंद करून पाणी भरलं. एक टोक बोटभर उचलून सोडलं की लांब लाट जाते, पलीकडे आपटून परत येते. ४ सेंटिमीटर पाण्यात जाऊन येऊन ९.८ सेकंद, ८ सेंटिमीटर पाण्यात ७. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळाने वाढतो, त्या हिशेबाने ९.६ आणि ६.८ यायला हवेत. एवढं जवळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. टोकाला एम-सीलचा जो डोंगर झाला होता त्याने थोडा वेळ खाल्ला असावा.

हाच हिशेब ४ किलोमीटर खोल समुद्राला लावा म्हटलं. सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. विमानाच्या जवळपास. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्राचा तळ उचलला गेला आणि दोनेक तासांत लाट तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होती. पाणी सुमात्राहून आलं नाही, आला तो धक्का. मुलं गप्प झाली. या बॅचचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

पन्हळीचा तोटा एकच, बाजूने काही दिसत नाही.

८ फेब्रुवारी

फिशटँकवाल्याकडून चार फूट लांब, सहा इंच रुंद काचेची टाकी करून घेतली. १,६०० रुपये. सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात कमी पश्चात्ताप.

पाण्याचे कण कसे हलतात ते दाखवायला पाण्यात काहीतरी टाकायला हवं. थर्माकोलचा मणी टाकला तर तो सरळ पलीकडे चालता झाला. मुलं म्हणाली, बाई, पाणी जातंय की! माझी सगळी अट मोडीत. मग लक्षात आलं, पंखा चालू होता. पंखा बंद केला तरी मणी हळूहळू सरकतच होता. लाटा उंच असल्या की वरचा थर दर फेरीला किंचित पुढे जातो, हे खरंच आहे. ते लपवलं नाही, मुलांना तसंच सांगितलं. लाटा लहान केल्यावर सरकणं नजरेत येईनासं झालं.

पाण्याच्या आतले कण दाखवायला साबुदाणा टाकला. तळाशी बसला आणि दुसऱ्या दिवशी टाकीत खीर. मोहरीही तळाशी. शेवटी भिजवलेला सब्जा. फुगलेलं बी पाण्याहून जेमतेम जड असतं, पाण्यात चमचा चमचा मीठ विरघळवत गेलं की एका टप्प्याला ते मधेच तरंगत राहतं. फळीने हळू हळू लाटा काढल्या. वरचं बी गोल फिरतं, त्याखालचं लहान गोल, तळाजवळचं नुसतं पुढेमागे. आणि गोल फिरून जिथल्या तिथे. मुलांनी काचेवर मार्करने त्यांचे गोल गिरवले. ते पुसायचे नाहीत असं ठरलंय.

पलीकडच्या काचेवर आपटून लाटा परत येतात आणि सगळं गढूळ होतं. तिथे नारळाचा काथ्या उतरता रचला. लाटा त्यात शिरून मुरल्या. हे काथ्याचं काम म्हणजे बादलीतल्या वल्ह्याचंच काम, असं मुलांनी स्वतःहून म्हटलं, तेव्हा २१ तारखेचं उधार उत्तर फिटलं.

१२ फेब्रुवारी

टाकीला घुंगराच्या जागी काय? काथ्या काढून तिथे दोन लिटरची बाटली, बूड कापून, तोंड वर करून पाण्यात अर्धी बुडवून बांधली. बाहेर लाट चढली की बाटलीतलं पाणी चढतं आणि तोंडातून हवा बाहेर फेकतं. लाट उतरली की हवा आत ओढली जाते. बाटलीचा व्यास साडेदहा सेंटिमीटर आणि तोंडाचा दोनच्या किंचित वर, म्हणजे तोंडाशी हवेचा वेग पाण्याच्या चढउताराच्या सुमारे २५ पट.

तोंडावर कागदाची भिंगरी लावली. ती एकदा या बाजूला अर्धी फिरते, एकदा त्या बाजूला अर्धी, आणि मधे थांबते. दोन दिवस पाती वाकवण्यात घालवले. मुळात अडचण पात्यांची नव्हती, वाऱ्याची दिशाच दर लाटेला उलटते. बेलफास्टच्या अ‍ॅलन वेल्स यांनी याचसाठी अशी पाती काढली की हवा कुठूनही आली तरी चक्र एकाच दिशेने फिरतं. केरळात विळिंजमला आयआयटी मद्रासने १९९१ मध्ये याच तत्त्वावर १५० किलोवॉटचं केंद्र समुद्रात उभं केलं होतं. बाटलीच्या जागी काँक्रीटची पोकळ पेटी. पुढे ते बंद पडलं.

आम्ही वेल्स यांच्या वाटेला गेलो नाही. भिंगरी काढली आणि पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी लावली. दर लाटेला फडफडते. पुरे.

१५ फेब्रुवारी

ध्वनी. इथे मी साफ तोंडावर पडले.

प्लास्टिकची बरणी घेतली, बुडाला भोक पाडलं, तोंडावर फुग्याचं रबर ताणलं. रबरावर टिचकी मारली की दोन मीटरवरची मेणबत्ती विझते. 'ध्वनितरंगाने ज्योत विझली' असा फलकसुद्धा लिहून झाला होता. एका मुलाने बरणीत उदबत्तीचा धूर भरला, गंमत म्हणून. टिचकी मारली आणि धुराचं वेटोळं डुलत डुलत निघालं, सावकाश दोन मीटर गेलं आणि ज्योतीवर आदळलं. सेकंदभर लागला. आवाजाला दोन मीटर जायला सेकंदाचा दीडशेवा भागही लागत नाही, आणि त्यात हवा आपली जागा सोडत नाही. इथे तर हवा स्वतः चालत गेली. म्हणजे हा तरंग नव्हेच, ही फुंकर. आमची अट मोडणारं साहित्य मीच मांडलं होतं.

मी हा प्रयोग गेली सहा-सात वर्षं ध्वनीच्या धड्याला करते आहे. त्या सगळ्या बॅचना आता कुठे शोधू?

फलक फाडला नाही. खोडून खाली लिहिलं, 'हा ध्वनी नाही. का, ते ओळखा.' बरणी आणि उदबत्ती तशीच ठेवली.

१८ फेब्रुवारी

नवं साहित्य : वाडग्यावर फुग्याचं रबर घट्ट ताणायचं, वर मोहरी पसरायची. शेजारी परात बडवली की मोहरी उड्या मारते. लगेच शंका आली, वाडगा आणि परात एकाच टेबलावर होते. परात दुसऱ्या टेबलावर नेली तर उड्या निम्म्या झाल्या. म्हणजे निम्मी ऊर्जा लाकडातून जात होती. वाडगा शेवटी शिंक्यात टांगला. आता जे जाईल ते हवेतूनच.

मग आवाजच कमी पडायला लागला. पण शिमगा तोंडावर आहे. वाडीतले ढोल बाहेर निघाले आहेत, एक दिवसासाठी मागून आणला. दहा-बारा फुटांवरून एक थाप आणि मोहरी वाडग्याबाहेर. रबर कमीजास्त ताणलं की मोहरी वेगवेगळ्या सुरांना दाद देते. एका मुलीने लांब 'ऊ' लावून सूर हळू हळू चढवला, एका जागी मोहरी नाचायला लागली आणि त्याच्या वर गेली तशी थांबली.

मोहरी वेचायला मामांनी नकार दिला आहे. रास्त आहे.

२२ फेब्रुवारी

प्रकाश. छोटं सौर पॅनेल आणि छोटी मोटर, दोन्ही मिळून २८०. मोबाइलच्या टॉर्चने मोटर हललीसुद्धा नाही. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला घरी ठेवलेला जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब आणला. २० सेंटिमीटरवर मोटर फिरली, पण बोटाने एक धक्का द्यावा लागला.

चूक इथे : अंतर वाढवत गेलो आणि मल्टिमीटरने व्होल्ट मोजले. २० सेंटिमीटरवर ५.६, ४० वर ५.१. मुलांनी निष्कर्ष काढला की अंतराने फारसा फरक पडत नाही. मोटर मात्र बंद! पॅनेलचे व्होल्ट प्रकाशाबरोबर फार हलत नाहीत, हलतो तो प्रवाह. मीटर मिलीअँपिअरवर लावून पुन्हा मोजलं : १८, आणि दुप्पट अंतरावर ५. चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त. भिंतीवरून परतलेला उजेड असावा. अंगणात उन्हात ९० च्या घरात गेला. पंधरा कोटी किलोमीटरवरून, आठ मिनिटं आणि वर वीस सेकंद चालून आलेला, मधे हलायला काहीही नसताना. बल्ब हिरमुसला असेल.

'मधे काहीही नसताना' हे दाखवायला स्वयंपाकघरातला हातपंपाचा निर्वात डबा ४५० ला घेतला. आत मोबाइल वाजत ठेवला, हवा उपसली. आवाज जराही कमी होईना, कारण मोबाइल डब्याच्या तळाला टेकलेला. खाली भांडी घासायचा स्पंज घातला तेव्हा आवाज बसला. बंद नाही झाला, हातपंपाने सगळी हवा निघत नाही. पण पडद्याचा उजेड होता तेवढाच राहिला आणि बाहेरून केलेला कॉल आत लागला. पहिलीतल्या मुलाला कळेल इतकं स्पष्ट.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पार पडला. काड्यांचं यंत्र दिवसभर चाललं, वल्ह्याची बादली दोनदा लवंडली. स्लिंकीचा पुन्हा गुंता. सगळ्यात जास्त गर्दी खोडलेल्या फलकापाशी होती. एका पालकांनी माझ्याशी पंधरा मिनिटं वाद घातला की तो ध्वनीच आहे. शेवटी नववीतल्या मुलाने त्यांना उदबत्ती पेटवून दिली.

बाटलीवरची कागदी पट्टी भिजून दुपारी गेली. तिच्या जागी मुलांनी प्लास्टिक पिशवीची लावली, ती जास्त चांगली चालली.

४ मार्च

एकूण खर्च ३,९९० रुपये. त्यातले ९९० माझे, आणि जेलीच्या गोळ्या नसत्या तर ८४०. वेळ आठ आठवडे, त्यातले अडीच तरी वाया.

उन्हाळा लागला तसा टेपचा चिकटपणा पातळ होतोय. काड्या मधल्या भागात तिरप्या झाल्यात. पहिल्यांदा आम्ही यंत्र गुंडाळून कपाटात ठेवलं होतं, उघडलं तर अठरा काड्या एकमेकींना चिकटलेल्या. आता ते खांबांमधून काढून वऱ्हांड्याच्या तुळईला उभं टांगलंय, जमिनीपासून पाच फुटांच्या वर. मागचं पाणी तेवढं चढलं होतं.